माणसे मोजायची की घरे? : नवीन नाशिकच्या पाण्याचा हिशेब

नाशिककर ज्या वस्तीला नुसते 'सिडको' म्हणतो, तिचे कागदावरचे नाव नवीन नाशिक. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांना परवडेल असे घर मिळावे, म्हणून सिडकोने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम हाती घेतले. उंटवाडी, मोरवाडी, कामटवाडे, अंबड या गावांच्या शिवारात टप्प्याटप्प्याने सहा योजना झाल्या आणि सुमारे 25 हजार घरे उभी राहिली. माझे बालपण त्यांतल्याच एका घरात गेले. पावसाळ्यात गल्लीतले चेंबर तुंबले की शाळेत जाताना विटांवर पाय ठेवत जावे लागे. या हिशेबाची गोडी मला तिथूनच लागली असावी. अभियांत्रिकीचे शिक्षण मला नाही.

उद्याची लोकसंख्या काढायच्या जुन्या रीती तीन. दर दशकात तेवढीच माणसे वाढतील असे धरायचे, तेवढेच टक्के वाढतील असे धरायचे, किंवा वाढीतही होणारी वाढ धरायची. नाशिक महापालिका 1982 साली झाली. तिच्या हद्दीत 1991 साली 6,56,925 माणसे होती आणि 2001 साली 10,77,236. म्हणजे वाढ चार लाख वीस हजारांची, टक्क्यांत 64. तेवढेच टक्के पुढे धरले तर 2011 साठी साडेसतरा लाखांहून अधिक येतात. साधी बेरीज केली तर 14,97,547. जनगणनेत निघाली सुमारे 14 लाख 86 हजार! सर्वांत भाबडी रीत अवघ्या अकरा-बारा हजारांनी चुकली. टक्केवारीची रीत जवळजवळ 2 लाख 80 हजारांनी चुकली असती आणि माणशी 135 लिटरने रोजच्या पाण्याच्या अंदाजात पावणेचार कोटी लिटरचा फरक पडला असता.

पण नव्याने वसवलेल्या वस्तीला मागचे दशकच नसते. तिथे घरे मोजायची आणि घरटी पाच माणसे धरायची. 25 हजार घरांची सव्वा लाख माणसे. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी केंद्राच्या मार्गदर्शिकेत आज माणशी 135 लिटरचे प्रमाण आहे. त्याने रोजचे 1 कोटी 69 लाख लिटर पाणी लागते. त्यातले 80 टक्के सांडपाणी होते असे मानतात, म्हणजे 1 कोटी 35 लाख लिटर. चोवीस तासांत विभागले तर सेकंदाला 156 लिटर. परंतु सगळ्यांच्या अंघोळी एकाच वेळी होतात. एवढ्या वस्तीसाठी सरासरीची सव्वादोन पट धरतात, म्हणून नळ सेकंदाला 350 लिटर वाहून नेईल असा हवा. फार मोठा नळही चालत नाही. पाण्याला वेग राहिला नाही तर तळाशी गाळ बसतो.

हा हिशेब माझा, आजच्या प्रमाणांवर केलेला. त्यात घर म्हणजे एक कुटुंब हे गृहीत धरले आहे आणि सिडकोत नेमके तेच टिकले नाही. पोरांची लग्ने झाली, वर मजला चढला, मागच्या मोकळ्या जागेत खोली निघाली, भाडेकरू आला. वाढीव बांधकामांचा वाद इथे वर्षानुवर्षे चालला आहे. मला या लोकांना दोष देववत नाही. कामगाराने नवे घर कुठे घ्यायचे? त्याने छपरावर जागा शोधली. मात्र एका घरात दहा माणसे झाली की सेकंदाला 350 चे 700 लिटर होतात, आणि जमिनीखालचा नळ आपोआप रुंदावत नाही. शुद्धीकरण केंद्राला शेजारी दुसरी टाकी बांधता येते, पंप बदलता येतो, मुकणे धरणातून विल्होळीपर्यंत नवी जलवाहिनी आणता येते, तशी ती आणलीही. अरुंद गल्लीतले गटार मात्र उकरल्याशिवाय वाढत नाही.

गटारात न मावलेले पाणी उताराने जाते. सिडकोच्या बाजूने नासर्डी वाहते. तिला आता आपण नंदिनी म्हणतो. नाव बदलणे सोपे होते. टाकळीला ती गोदावरीला मिळते, समर्थ रामदासांनी तप केले त्याच संगमावर. उन्हाळ्यात तिथे उभे राहिले की नाक सांगते, पाणी कुठून आले.

2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे अजूनही अंदाज 2011 च्या आकड्यांवरून पुढे ओढले जातात. परवा जुन्या गल्लीत गेलो होतो. आमच्या शेजारच्या घराच्या दाराशी विजेचे तीन मीटर होते, नळजोडणी एक. तीन मीटर म्हणजे निदान तीन चुली. मोजणी इथूनही सुरू करता येईल.