उपचार व निदान यांच्या पद्धतींवरील पेटंट : एका निषेधाचा इतिहास

१

औषधाला पेटंट मिळते. शस्त्रक्रियेच्या उपकरणालाही मिळते. परंतु ते औषध रोग्यास कसे द्यावे, शस्त्र कोठे व कसे चालवावे, रक्तातील एखाद्या द्रव्याच्या प्रमाणावरून रोगाचे अनुमान कसे करावे, या कृतींवर कोणा एकाला मक्तेदारी द्यावी काय, हा प्रश्न गेली पावणेदोनशे वर्षे न्यायालये आणि विधिमंडळे यांच्यापुढे पुनःपुन्हा येत राहिला आहे. बहुतेक देशांनी त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. तथापि नकार एकच असला, तरी त्याची कारणे सर्वत्र आणि सर्वकाळ एकच राहिलेली नाहीत. कधी शोध व नवनिर्मिती यांतील भेद पुढे करण्यात आला, कधी उद्योगाची व्याख्या, तर कधी वैद्याचे रोग्याविषयीचे कर्तव्य. कारण बदलले की निषेधाची मर्यादाही सरकते, ही गोष्ट या इतिहासातून स्पष्ट होते. निदानपद्धतींविषयी आज जो गोंधळ आढळतो, त्याचे मूळ या सरकत्या आधारातच आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

आरंभी दोन शब्दांचा अर्थ निश्चित करणे इष्ट होईल. निसर्गात असलेली परंतु अज्ञात अशी गोष्ट उमगणे, यास येथे ‘शोध’ म्हटले आहे. त्या ज्ञानाच्या आधारे नवी वस्तू अथवा नवी कृती घडविणे, यास ‘नवनिर्मिती’ म्हटले आहे. पेटंटचा कायदा सर्वत्र नवनिर्मितीपुरता असतो.

२

या इतिहासाचा आरंभ बोस्टन शहरी होतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जॉन कॉलिन्स वॉरेन या शल्यवैद्यांनी एका रोग्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया केली. रोग्याला भूल देण्याचे काम विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने केले. ज्या द्रव्याची वाफ त्याने हुंगावयास दिली, त्याचे नाव त्याने गुप्त ठेवले होते. त्याला ‘लीथिऑन’ असे नवे नाव देऊन आणि सुगंधी द्रव्य मिसळून मूळ वास झाकण्याचाही त्याने प्रयत्न केला होता. परंतु द्रव्य कोणते हे कळल्यावाचून पुढील मोठ्या शस्त्रक्रियांत ते वापरावयाचे नाही, असा आग्रह रुग्णालयातील वैद्यांनी धरला आणि मॉर्टनला ते साधे ईथर असल्याचे सांगावे लागले. १२ नोव्हेंबर १८४६ रोजी मॉर्टन आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स जॅक्सन यांना या पद्धतीवर ४८४८ क्रमांकाचे अमेरिकन पेटंट मिळाले.

या पेटंटची वाटचाल उद्बोधक आहे. ईथर कोणत्याही औषधविक्रेत्याकडे मिळत होते आणि ते हुंगविण्यास फारशा साधनांची आवश्यकता नव्हती. त्यामुळे वैद्यांनी पेटंटकडे सरसहा दुर्लक्ष केले. खुद्द अमेरिकन सरकारनेही मेक्सिकोच्या युद्धात मोबदला न देता ईथर वापरले. मॉर्टनने काँग्रेसकडे वारंवार अर्ज केले. एक लक्ष डॉलरच्या पारितोषिकाचा प्रस्तावही पुढे आला. परंतु जॅक्सन आणि अन्य दावेदार यांच्या वादात तो बारगळला. जॉर्जिया राज्यातील क्रॉफर्ड लाँग यांनी तर १८४२ सालीच ईथर देऊन शस्त्रक्रिया केली होती, मात्र ती प्रसिद्ध केली १८४९ साली.

अखेर न्यूयॉर्कमधील एका नेत्ररुग्णालयावर मॉर्टनने फिर्याद केली. तिचा निकाल १८६२ साली लागला आणि पेटंट अवैध ठरले. न्यायमूर्ती शिपमन यांच्या विवेचनाचा आशय असा : ईथर हे द्रव्य जुने, त्याची वाफ हुंगण्याची रीतही जुनी, अल्प प्रमाणात ते हुंगले असता गुंगी येते हेही पूर्वीपासून ज्ञात. अधिक प्रमाणात हुंगले असता वेदनेची जाणीव पूर्णपणे लोपते, एवढेच मॉर्टनला नव्याने उमगले. हा शोध मानवजातीवर उपकार करणारा आहे. परंतु त्याला कार्यान्वित करणारे कोणतेही नवे साधन अथवा नवी प्रक्रिया येथे नाही. सबब तो कितीही थोर असला, तरी पेटंटचा विषय होऊ शकत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वैद्यकाच्या नीतीविषयी या निर्णयाचा आधार काहीच सांगत नाही. मॉर्टनने ईथर देण्याचे एखादे नवे यंत्र मागितले असते, तर याच तर्काने त्याला पेटंट देता आले असते. रुग्णालयातील वैद्यांचा आक्षेप नीतीचा होता आणि न्यायालयाचा आक्षेप पेटंटशास्त्राचा होता. दोहोंचा परिणाम मात्र एकच झाला.

३

इंग्लंडमध्ये निषेधाला निराळा आधार मिळाला. तेथील पेटंटपद्धती १६२३ च्या मक्तेदारीविषयक कायद्याच्या सहाव्या कलमावर उभी होती आणि त्या कलमात ‘नव्या प्रकारची निर्मिती’ एवढ्यासाठीच मक्तेदारीची मुभा होती. १९१४ साली मानवी शरीरातील शिसे विजेच्या साहाय्याने बाहेर काढण्याच्या पद्धतीवर पेटंट मागण्यात आले. सॉलिसिटर जनरल बकमास्टर यांनी ते नाकारले, कारण ही पद्धत व्यापारी मालाच्या निर्मितीशी संबंधित नव्हती. रोग्याचे शरीर हा कारखान्यातील माल नव्हे, असा याचा अर्थ. हा निर्णय पुढे राष्ट्रकुलातील अनेक देशांत प्रमाण मानला गेला.

परंतु ‘निर्मिती’ या शब्दाचा अर्थ विस्तारत गेला, तसा हा आधार डळमळू लागला. १९५९ साली ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने पिकातील तण मारण्याच्या पद्धतीला पेटंटयोग्य ठरविताना असे मानले की, माल तयार झालाच पाहिजे असे नाही. आर्थिक महत्त्व असलेली कृत्रिम स्थिती निर्माण झाली की पुरे. मग रोगमुक्त शरीर ही अशी स्थिती नव्हे काय? या प्रश्नाला जुन्या व्याख्येत उत्तर उरले नाही. म्हणूनच १९८३ साली रक्ताच्या कर्करोगावरील एका उपचारपद्धतीचा विचार करताना न्यूझीलंडच्या अपील न्यायालयाला निषेधाचे मूळ नीतीत शोधावे लागले. दुःखनिवारणाची वैद्याची कला व्यापारउदिमाच्या क्षेत्रात मोडत नाही, अशी समाजाची खोल भावना आहे, असे तेथे मानण्यात आले. ऑस्ट्रेलियाने नेमका उलटा मार्ग पत्करला. तेथील उच्च न्यायालयाने २०१३ साली उपचारपद्धती पेटंटयोग्य असल्याचा निर्णय दिला. एकाच इंग्रजी कायद्यापासून निघालेले दोन शेजारी देश असे परस्परविरुद्ध टोकांना पोहोचले.

४

अमेरिकेतही दिशा पालटली होती. १८८३ साली तेथील पेटंट कार्यालयाने रोगोपचाराच्या पद्धती पेटंटयोग्य नाहीत, असे म्हटले होते. १९५४ साली त्याच कार्यालयाच्या अपील मंडळाने सुईवाचून, दाबाच्या फवाऱ्याने औषध शरीरात सोडण्याच्या पद्धतीसंबंधी निर्णय देताना तो जुना नियम सोडून दिला. पुढे अशी पेटंटे मिळत राहिली. परंतु सहव्यवसायी वैद्यावर फिर्याद करण्याचे प्रसंग विरळ असल्याने त्यांचा बोभाटा झाला नाही.

तो झाला १९९३ साली. ॲरिझोनातील नेत्रवैद्य सॅम्युएल पॅलिन यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत टाका न घालता भरून येईल अशा विशिष्ट आकाराच्या छेदाचे पेटंट १९९२ साली मिळाले होते. त्यांनी व्हर्मॉन्ट राज्यातील नेत्रवैद्य जॅक सिंगर यांच्यावर फिर्याद केली. आपण हा छेद स्वतंत्रपणे वापरीत होतो, असे सिंगर यांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने अशा पेटंटांचा निषेध केला. १९९६ साली उभय पक्षांच्या संमतीने झालेल्या हुकुमान्वये वादग्रस्त दावे अवैध ठरले आणि त्याच वर्षी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली. पेटंट देणे चालूच राहिले. परंतु शारीरिक उपचार अथवा शस्त्रक्रिया करणारा वैद्य आणि त्याची संस्था यांच्याविरुद्ध अशा पेटंटाची बजावणी करता येणार नाही, असे ठरले. पेटंट असलेल्या यंत्राचा वा औषधाचा वापर यातून वगळण्यात आला. विकृतिविज्ञानाच्या व निदानाच्या प्रयोगशाळांची व्यापारी सेवाही वगळण्यात आली. वैद्याचे स्वातंत्र्य आणि प्रयोगशाळेचा व्यवसाय यांत कायद्याने केलेला हा भेद महत्त्वाचा आहे.

निषेधाच्या विरोधकांचे म्हणणेही येथे पाहिले पाहिजे. पेटंट नाकारले तर संशोधक आपली विद्या झाकून ठेवील, असे ते म्हणतात आणि इतिहासात त्याला दाखलाही आहे. इंग्लंडमधील चेंबरलेन घराण्याने प्रसूतीच्या चिमट्याचे रहस्य शंभराहून अधिक वर्षे घरात राखले आणि त्याचा उपयोग करून द्रव्य व कीर्ती मिळविली. त्या काळात किती माता व बालके या ज्ञानावाचून दगावली असतील, याची गणना करणे अशक्य आहे. पण चिमटा हे उपकरण होते आणि उपकरणाला पेटंट देण्यास आज कोणाचीच हरकत नाही. शस्त्रक्रियेचा छेद मात्र मदतनिसांपासून लपविता येत नाही आणि तो शोधून काढण्यास कारखान्याएवढे भांडवलही लागत नाही. प्रयोगशाळेतील चाचणीची गोष्ट वेगळी. तिच्यामागे खर्च असतो, ती बंद दाराआड करता येते आणि नमुना दूरच्या शहरी पाठवूनही तिचा निष्कर्ष मिळतो. म्हणजे पेटंटच्या बाजूचा युक्तिवाद रोगशय्येपाशी दुबळा आणि प्रयोगशाळेत सबळ ठरतो.

५

युरोपीय देशांनी १९७३ साली म्यूनिक येथे केलेल्या पेटंटविषयक करारात शस्त्रक्रिया, उपचार आणि मानवी वा प्राणिशरीरावर केलेले निदान यांच्या पद्धतींना ‘औद्योगिक उपयोग नसलेल्या’ असे मानण्यात आले. हे एक कायदेशीर कल्पित होते. कारण या पद्धतींना उद्योग आहे, हे सर्वांनाच दिसत होते. २००० साली करारात दुरुस्ती झाली, ती १३ डिसेंबर २००७ पासून अमलात आली आणि हे कल्पित सोडून या पद्धतींना सरळ अपवादांच्या यादीत घालण्यात आले. नव्या तरतुदीने या पद्धती नवनिर्मिती असू शकतात हे मान्य केले. तरीही समाजहितास्तव त्यांना पेटंट द्यावयाचे नाही, असे ठरविले.

अपवाद म्हटला की तो जपून लावावा लागतो. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने डिसेंबर २००५ मध्येच निदानपद्धतीचा अर्थ संकुचित केला होता. तपासणी, मोजमाप, प्रमाणाशी तुलना, तफावतीची नोंद आणि अखेर रोगाचा निर्णय अशा पायऱ्या दाव्यात असतील आणि निर्णयापूर्वीच्या तांत्रिक पायऱ्या शरीरावरच घडत असतील, तरच निषेध लागू होतो. परिणामी, रक्त काढून परीक्षानळीत केलेल्या चाचण्या बहुतांशी निषेधाबाहेर राहिल्या.

अमेरिकेत मात्र याच चाचण्यांवर १८६२ चा तर्क नव्या रूपाने येऊन आदळला. थायोप्युरीन वर्गातील औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तात त्याचे रूपांतरित द्रव्य किती आढळते, यावरून मात्रा वाढवावी की कमी करावी, हे ठरविण्याच्या पद्धतीवर पेटंट होते. २० मार्च २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रोमिथियस आणि मेयो यांच्यातील खटल्यात ते एकमताने रद्द केले. द्रव्याचे प्रमाण आणि औषधाचा परिणाम यांतील संबंध हा निसर्गनियम आहे. त्याला ‘औषध द्या’, ‘मोजा’ अशा रूढ पायऱ्या जोडल्याने नवनिर्मिती होत नाही, असा त्याचा आशय. जून २०१५ मध्ये मातेच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएवर आधारलेल्या चाचणीचे पेटंटही याच तत्त्वाने फेटाळले गेले. अशा रीतीने युरोपात शस्त्रक्रियेची पद्धत निषिद्ध आणि परीक्षानळीतील चाचणी ग्राह्य. अमेरिकेत शस्त्रक्रियेची पद्धत ग्राह्य, परंतु वैद्यावर बजावणी नाही, आणि चाचणी बहुधा निसर्गनियम म्हणून त्याज्य, अशी जवळजवळ उलटापालट झाली. निषेधाचे आधार भिन्न असल्याचाच हा परिणाम होय.

६

भारताच्या १९७० च्या पेटंट अधिनियमातील तिसऱ्या कलमाच्या एका उपखंडाने मनुष्यावरील औषधीय, शल्य, रोगनिवारक, रोगप्रतिबंधक व अन्य उपचारांच्या प्रक्रिया ‘नवनिर्मिती नव्हेत’ असे ठरविले. प्राणी व वनस्पती यांच्यावरील तत्सम प्रक्रियाही त्यात होत्या. त्या काळी औषधी द्रव्यालाही पेटंट नव्हते. ते फक्त द्रव्य तयार करण्याच्या प्रक्रियेला होते. त्यामुळे उपचारपद्धतीचा प्रश्न दुय्यम होता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात उपचार व निदान यांच्या पद्धती वगळण्याची मुभा सदस्य देशांना मिळाली. २००२ च्या दुरुस्तीने, २० मे २००३ पासून, या उपखंडात ‘निदानविषयक’ आणि ‘चिकित्साविषयक’ हे शब्द घालण्यात आले व वनस्पती वगळण्यात आल्या. २००५ पासून द्रव्याला पेटंट मिळू लागले. परंतु ज्ञात द्रव्याचा केवळ नवा उपयोग ही नवनिर्मिती नव्हे, असेही त्याच कलमात सांगितलेले आहे. मॉर्टन आज भारतात अर्ज करता, तर दोन उपखंडांनी त्याची वाट अडविली असती.

आपल्या उपखंडात युरोपप्रमाणे ‘शरीरावर केलेले’ असे विशेषण निदानाला नाही. मग परीक्षानळीतील चाचणी निषिद्ध की ग्राह्य? ऑक्टोबर २०२३ मध्ये गर्भवतीच्या रक्तचाचणीसंबंधीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ लावला. निषेध शरीरावरील कृतींपुरता मर्यादित नाही. तथापि उपचारासाठी विकृती उघड करणारी प्रक्रियाच ‘निदान’ होय आणि जिच्यातून असे निदान होऊच शकत नाही, ती प्रक्रिया निषेधाबाहेर आहे, असा त्या निर्णयाचा सारांश.

हा अर्थ व्यवहार्य आहे. परंतु मूळ अडचण शिल्लक राहते. युरोपने जे कल्पित २००७ पासून टाकून दिले, ते आपल्या कायद्यात कायम आहे. ‘ही नवनिर्मितीच नव्हे’ असे म्हटल्यावर, ती का नव्हे हा प्रश्न विचारण्यास वाव राहत नाही. आणि कारण ठाऊक नसेल, तर सीमारेषेवरील प्रकरणांत शब्दकोशाचाच आधार घ्यावा लागतो. १८४६ साली बोस्टनच्या वैद्यांना जे जाणवले होते, ते सोपे होते : रोग्यापुढे उभ्या असलेल्या वैद्याचे ज्ञान आणि हात मोकळे असले पाहिजेत. निषेधाचे हे कारण कायद्यात उघडपणे नोंदले गेले, तर शल्यवैद्याचा छेद आणि प्रयोगशाळेचा व्यापारी संच यांतील रेषा न्यायालयांना तर्काने आखता येईल. तोवर प्रत्येक नव्या चाचणीबरोबर ती पुन्हा नव्याने आखावी लागणार.