गरीची काठी बांबूच्या बेटावरच ठरते

कोकणात खाडीच्या बांधावर, साकवावर किंवा धक्क्याच्या कडेला बसून गळाने मासे धरण्याला मालवणी मुलखात 'गरवणे' म्हणतात. त्याचे साहित्य मोजकेच असते. बांबूची काठी, तिच्या शेंड्याला बांधलेली दोरी, शिशाचा लहानसा तुकडा आणि टोकाला गरी, म्हणजेच गळ. दोरी गुंडाळणारी चक्री नाही की अन्य कोणताही यांत्रिक भाग नाही. कोलंबी किंवा गांडुळाचे आमिष लावून खाडीत तांबोशी, शेंगटी, तर गोड्या पाण्यात मरळ अशा माशांसाठी ही काठी वापरली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या आणि पुढे कार्बनच्या काठ्या जगभर रूढ झाल्या. तरीही आपल्या परसातील बांबूपासून काठी तयार करण्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे. काठीचा कस बांबूच्या बेटावरच ठरतो आणि उद्याच्या काठीचे भवितव्यही आजच्या तोडीवर अवलंबून असते.

कोणता बांबू निवडावा?

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. वेत आणि बांबू या दोन भिन्न वनस्पती आहेत. वेत हा ताडाच्या कुळातील वेल असून तो लवचिक असला, तरी ताठ राहत नाही. बांबू हे गवत आहे आणि काठीसाठी लागणारा ताठपणा व लवचिकपणा त्यात एकत्र मिळतो.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोवा या पट्ट्यात आढळणारा माणगा या कामास विशेष उपयुक्त ठरतो. डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी हे त्याचे शास्त्रीय नाव. तो जवळजवळ भरीव असतो, त्याला काटे नसतात आणि त्याचे बेट मोकळे असल्याने हवा तो बांबू निवडून तोडता येतो. याउलट काटेरी कळकाच्या दाट बेटात शिरणेच कठीण. माणग्याचा पूर्ण वाढलेला बुंधा मात्र हाताला जड पडतो. म्हणून जात्याच बारीक असलेला बांबू किंवा मोठ्या बांबूचा वरचा भाग घ्यावा. १० ते १४ फूट लांबी, बुंध्याशी सुमारे एक इंच जाडी आणि शेंड्यापर्यंत हळूहळू होत गेलेली निमुळती घडण असावी. शेंडा मोडलेला किंवा किडलेला नसावा.

वय ओळखणे सर्वांत महत्त्वाचे

बांबू कोंबाच्या रूपाने बाहेर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते आणि काही महिन्यांतच तो पूर्ण उंची गाठतो. त्यानंतरच्या वर्षांत तो वाढत नाही, फक्त आतून टणक होत जातो. त्यामुळे उंची पाहून वय कळत नाही. पहिल्या वर्षाच्या बांबूवर कोंबाची आवरणे चिकटलेली असतात, अंगावर पांढरट भुकटी असते आणि रंग तजेलदार हिरवा असतो. असा बांबू तोडल्यास वाळताना तो सुरकुततो आणि लवकर किडतो. तीन-चार वर्षांच्या बांबूचा रंग मंद होतो, सालीवर डाग दिसू लागतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यास टणक आवाज येतो. काठीसाठी तोच घ्यावा.

तोड आणि वाळवण

पावसाळ्यात नवे कोंब फुटत असल्याने त्या काळात तोड टाळावी. दिवाळीनंतरचा थंडीचा हंगाम योग्य. वद्य पक्षात तोडलेला बांबू किडत नाही, अशी जुनी समजूत आहे. किडीचे मूळ कारण मात्र बांबूतील पिष्ठ पदार्थ हे असते. बारीक भुंगेरे त्यासाठी बांबू पोखरतात आणि पिठासारखा भुगा पाडतात. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची परंपरागत रीत यावरच आधारलेली आहे. पाण्यात हे पदार्थ बऱ्याच अंशी निघून जातात.

त्यानंतर बांबू सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळवावा. कडक उन्हात तो तडकतो. शेंड्याकडून टांगून खाली वजन बांधल्यास तो बराचसा सरळ राहतो. पूर्ण वाळण्यास काही महिने द्यावेत.

सरळ करणे आणि दोरी बांधणे

उरलेला बाक निखाऱ्यांवर काढतात. वाकलेला भाग निखाऱ्यांपासून थोडा वर धरून फिरवत राहावे. तो मऊ झाला की उलट दिशेने किंचित जास्त वाकवावा आणि ओल्या फडक्याने थंड करावा. साल करपू देऊ नये. पोकळ बांबू शेकताना पेरांमध्ये कोंडलेली हवा तापून तो फुटू शकतो, याचे भान ठेवावे. पेरांवरील फांद्यांचे खुंट घासून काढावेत, पण साल तासू नये. बांबूचे बळकट तंतू सालीलगतच सर्वाधिक दाट असतात.

दोरी, म्हणजे आजची नायलॉनची तंगूस, केवळ शेंड्याच्या टोकाला बांधू नये. ती काठीच्या मध्यापासून शेंड्यापर्यंत दोन-तीन ठिकाणी जखडत न्यावी. मग शेंडा मोडला तरी मासा आणि गरी हातातून जात नाहीत. लोंबती दोरी साधारण काठीइतकीच लांब ठेवावी. पाण्यावर तरंगणारा बोया पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा करता येतो.

बेट राखले तरच काठी

नव्या कोंबाला अन्न मिळते ते जमिनीखालील कंदांतून, जुन्या बांबूंकडून. म्हणून काठ्यांसाठी संपूर्ण बेट छाटणे म्हणजे पुढील वर्षांचे कोंबही छाटणे होय. परिपक्व बांबूंपैकी काहीच तोडावेत आणि काही नव्यांच्या आधारासाठी ठेवावेत. घाव जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या किंचित वर घालावा, म्हणजे खुंटात पावसाचे पाणी साचून तो कुजत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. नोव्हेंबर २०१७ मधील अध्यादेशाने आणि पुढे संसदेने केलेल्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे खासगी जमिनीतील बांबूची तोड सुकर झाली. वनक्षेत्रातील बांबूला मात्र ही मोकळीक नाही. माणग्याची लागवड कंदांपासून आणि काडीच्या कलमांपासून करता येते. परसाच्या कडेला लावलेले एक बेट नीट राखल्यास घरच्या काठ्यांसाठी अन्यत्र जाण्याची गरज उरत नाही.