बारा चिठ्ठ्यांचे पुणे

आपल्या १९७५ च्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात दुसऱ्या दिवशी सकाळी पेठांमध्ये जो चिठ्ठ्यांचा खेळ झाला, त्याची उत्तरे आणि थोडी हकीकत स्मरणिकेत यावी, असे स्मरणिका समितीने मला सांगितले. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. बँकेतली नोकरी संपल्यावर जुन्या पुण्याविषयी जे वाचत आणि हिंडत गेलो, तेवढीच माझी शिदोरी.

कल्पना आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीची. युरोपातल्या एका जुन्या गावात तिला असा खेळ मिळाला होता: हातात पाकीट, पाकिटात कोडी, बरोबर वाटाड्या नाही. कोडे सुटले की पुढची जागा कळते, आणि ते सोडवायला इमारतीकडे नीट बघावेच लागते. ‘परक्या गावात तीन तास डोळे उघडे ठेवून चालले, ज्या गावात जन्मले तिथे कधी असे चालले नाही,’ असे ती म्हणाली आणि आम्ही कामाला लागलो. पाच-सहा जणांचे सहा गट, प्रत्येकाला बारा बंद चिठ्ठ्या. मोबाईलमध्ये शोधायला बंदी, दुकानदाराला विचारायला मुभा. गुडघ्यांचा विचार करून एका टप्प्यापुरती रिक्षाही मान्य केली होती. प्रत्यक्षात किती गटांनी ती एकदाच वापरली, हे रिक्षावालेच जाणोत.

पहिली चिठ्ठी मुद्दाम सोपी ठेवली होती: ‘वार माझ्या नावात, पाया त्याच वारी. दाराच्या एका फळीवर किती सुळे, मोजा.’ शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. दोन्ही दिवस शनिवार, खर्च १६,११० रुपये. हे आपल्याला शाळेत पाठ करून घेतले होते. दिल्ली दरवाजाच्या फळीवरचे खिळे मात्र कोणी मोजले नव्हते. नऊ ओळींत आठ-आठ, म्हणजे ७२. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते सोंडेच्या-कपाळाच्या उंचीवर आहेत. ते मोजताना एका गटाला कळले की दाराचे तोंड उत्तरेला, दिल्लीकडे आहे. पहिल्या बाजीरावाच्या मनात काय होते, ते धड्यापेक्षा या दारातून जास्त कळते. आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचे हौद.

दुसरी चिठ्ठी, ‘नाव जुने, अंग नवे’, म्हणजे लाल महाल. शहाजीराजांचा मूळ वाडा केव्हाच नाहीसा झाला. आज आपण पाहतो ती इमारत पुणे महानगरपालिकेने १९८० च्या दशकात बांधली. शायिस्तेखानावरचा एप्रिल १६६३ चा छापा ‘इथेच, या खिडकीत’ पडला असे मुलांना सांगणारे पालक त्या सकाळीही भेटले. जागा तीच परिसराची, खिडकी नव्हे. एवढा फरक सांगायला हवा, पण पालकांना अडवण्याइतका मी धीट नाही.

तिसरी चिठ्ठी कसबा गणपतीची. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. नंतर जिजाबाई आणि बालशिवाजी इथे आले, सोन्याचा नांगर फिरला आणि गाव पुन्हा वसले, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. नांगर सोन्याचा होता की सोन्याचा मुलामा नुसत्या गोष्टीला आहे, यावर दोन गट मंडपातच वाद घालत बसले. गुरवांनी हात जोडून त्यांना पुढे जायला सांगितले.

चौथी चिठ्ठी डोळ्यांची नव्हती, कानांची होती: ‘कसब्यातच थांबा. डोळे मिटा. आवाज येईल तिकडे चला.’ तांबट आळीतला हातोड्यांचा आवाज आता फार कमी झाला आहे. पूर्वी तो दोन गल्ल्या अलीकडून ऐकू यायचा. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके मारून भांडे घट्ट आणि चकचकीत करायचे, त्याला मठारकाम म्हणतात. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेली ही घराणी. आपल्या आईच्या न्हाणीघरातला बंब आणि आजीचा हंडा कुठून आला होता, हे बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. एका मित्राने तिथल्या कारागिराला आजोबांचे आडनाव सांगितले, आणि त्याने दुकानामागच्या भिंतीकडे बोट दाखवले: ‘ते इथेच बसायचे.’ तो गट तिथे पाऊण तास थांबला. गुण कापले, पण माझ्या मनाविरुद्ध.

पाचवी चिठ्ठी मात्र सर्वांत गाजली. ‘तोंड एक, सोंडा तीन, उंदीर रजेवर.’ सोमवार पेठेत नागझरीच्या काठी त्रिशुंड गणपतीचे मंदिर आहे. जन्मभर पुण्यात राहिलेल्या निम्म्या लोकांनी ते पाहिले नव्हते. भीमजीगिरी गोसावी यांनी १७५४ मध्ये ते बांधायला घेतले आणि १७७० मध्ये पुरे झाले. गणपती मोरावर बसलेला. गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत आणि फारसी लेख शेजारी-शेजारी. खाली तळघरात गोसाव्यांची समाधी. गोसावी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भगवी वस्त्रे आणि झोळी येते, पण अठराव्या शतकातले पुण्याचे गोसावी व्यापारी आणि सावकारही होते. काळ्या दगडात असे कोरीवकाम करवून घेण्याइतका पैसा त्या झोळीत होता. पुणेकर देवळे त्या मानाने साधी: विटांची, लाकडी सभामंडपाची, चुन्याच्या शिखराची. हे मंदिर राजस्थान-माळव्याकडून वाट चुकून आल्यासारखे वाटते.

कोडे दर्शनी भिंतीवर होते. तिथे साखळदंडाने बांधलेला एक गेंडा आणि बंदूकधारी शिपाई कोरले आहेत. शिपायांचा वेष युरोपीय. गेंडा म्हणजे आसाम-बंगाल, शिपाई म्हणजे इंग्रज, आणि प्लासीच्या १७५७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी पूर्व भारत बांधून घेतला याचे हे चित्र, असा अर्थ काहीजण लावतात. आसाम इंग्रजांकडे गेला तो १८२६ च्या यांदाबूच्या तहाने, मंदिर पुरे झाल्यावर छप्पन्न वर्षांनी. तेव्हा आसाम बाजूला ठेवावा, बंगालपुरते बोलावे, असे माझे मत. पण अर्थ तेवढाच मानला, तरी विचार करण्यासारखे आहे. पेशवाई ऐन भरात असताना नागझरीकाठचा एक पाथरवट कंपनीच्या शिपायाला साखळी हातात घेतलेला दाखवतो. व्यापारासाठी देशभर फिरणाऱ्या गोसाव्यांना जे दिसत होते, ते शनिवारवाड्यात किती जणांना दिसत होते? आमच्या सहा गटांपैकी चौघांनी त्या प्राण्याला ‘रानडुक्कर’ लिहिले. अर्धे गुण दिले.

सहावी चिठ्ठी: ‘पत्त्यात पाणी आहे, पत्त्यावर नाही.’ उत्तर फडके हौद. पेठांतले किती पत्ते असे आहेत! नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून दगडी बांधीव नळाने पाणी पुण्यात आणले. पंप नाही, यंत्र नाही. केवळ उतारावर ते कोसभर नव्हे, कित्येक कोस चालत येई. मध्ये-मध्ये हवा निघून जायला उंच उभारलेले उच्छ्वास. शहरात काळा हौद, बदामी हौद, सरदारांचे आणि सावकारांचे हौद. शनिवारवाड्यातले कारंजे त्याच पाण्याचे. खांद्यावर कावड घेऊन पाणी भरणारे पाणके आपल्या आजोबांनी पाहिले होते.

पण त्या हौदांवर सगळ्यांना पाणी मिळत नव्हते. म्हणून सातवी चिठ्ठी मी गंज पेठेत नेली: ‘१८६८ मध्ये या घराने काय उघडले?’ काही जणांनी ‘शाळा’ लिहिले. उत्तर पाण्याचा हौद. जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. कात्रजचे पाणी येऊन तेव्हा शंभरावर वर्षे झाली होती. नळाच्या बांधकामाचे कौतुक शाळेच्या सहलीत आपण ऐकले होते. हा दुसरा हौद त्या सहलीत नव्हता. आपल्या वर्गातला एक मित्र त्याच बाजूच्या वस्तीतून शाळेत यायचा. तो माझ्या शेजारी उभा होता. त्याने सांगितले की त्याच्या पणजीच्या तोंडून ‘वरून ओतलेले पाणी’ हा शब्द घरात पोहोचला आहे. पाच वर्षे एका बाकावर बसलो, डबे एकत्र खाल्ले, आणि हे त्याने कधी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते. गट पुढे गेला. आम्ही दोघे जरा मागून चालत मंडईपर्यंत आलो.

मंडई ही आठवी चिठ्ठी. १८८६ ची इमारत, मूळ नाव मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. मंडईवर एवढा पैसा घालण्याला जोतीरावांचा विरोध होता, तो शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. पुण्याच्या विनोदबुद्धीला हे शोभून दिसते. भाजीवाल्या मावशींना ‘हिचे जुने नाव काय?’ असे सहा वेळा विचारले गेल्यावर सातव्याला त्यांनी उत्तराऐवजी मेथीच्या दोन जुड्या घ्यायला लावल्या.

नववी चिठ्ठी बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर. १८४८ मध्ये भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. हा वाडा अनेक वर्षे पडायला टेकलेला होता. न्यायालयात वाद चालला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडण्यात आला. म्हणजे कोड्यात बघण्यासारखे, मोजण्यासारखे काही उरले नव्हते. ना दार, ना कमान. समितीत दोघांचे म्हणणे होते की ही चिठ्ठी काढून टाकावी. मी ती ठेवली आणि प्रश्न बदलला: ‘आपल्याला ज्या बाईंनी पहिले अक्षर गिरवायला शिकवले, त्यांचे नाव लिहा. ज्याला आठवणार नाही, त्याने आईला कोणी शिकवले ते लिहावे.’ या चिठ्ठीचे कागद मी जपून ठेवले आहेत. मैत्रिणींपैकी चौघींनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘आईला कोणीच शिकवले नाही’ असे लिहिले आहे. त्यातल्या एकीच्या आईने वयाच्या चाळिशीनंतर, मुलीच्याच पाटीवर, सही शिकली.

तुळशीबाग पटकन झाली. नारो आप्पाजी खिरे यांनी उभारलेले राममंदिर आणि त्याचे उंच शिखर दुकानांच्या गर्दीतून वर मान केल्याशिवाय दिसत नाही. चिठ्ठीत ‘मान वर करा’ एवढेच होते. एका गटातल्या चौघी तिथे खरेदीला थांबल्या आणि खेळातून बाद झाल्या. त्यांना त्याचे दुःख दिसले नाही.

सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर ही अकरावी. सावकार गद्र्यांनी १७९७ मध्ये मूर्ती बसवली, त्या वेळी दारात चकमक होऊन माणसे मेली आणि देवाला हे नाव चिकटले, असे सांगतात. पासोड्यांच्या बाजारापाशी पासोड्या विठोबा, मिठाईच्या दुकानांपाशी जिलब्या मारुती. पुण्याने देवांनाही पत्ता म्हणून वापरले. दुकाने उठली, बाजार हलले, देवाच्या नावात धंदा राहिला.

बारावी लकडी पुलावर: ‘याच्या पोटात दोन साले, दोनशे वर्षांचे अंतर.’ १७६१ मध्ये पानिपतानंतर इथे लाकडी पूल झाला. परतणाऱ्या सैन्याला गावातून यायला लाज वाटू नये म्हणून तो बांधला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. पुढे तो दगडी झाला, नाव लाकडी राहिले. दुसरे साल १९६१. १२ जुलैला पानशेत फुटले आणि हा पूल पाण्याखाली गेला. तेव्हा आपण दीड-दोन वर्षांचे. आपल्यापैकी नऊ जणांची घरे त्या दिवशी वाहून गेली किंवा नंतर सोडावी लागली. कोणी सहकारनगरला, कोणी गोखलेनगरला वाढले ते त्यामुळे. हे नऊ जण कोण, हे वर्गात कधी कोणी मोजले नव्हते. पुलाच्या कठड्याशी उभे राहून ते मोजले गेले. शेवटचा गट सव्वाबारा वाजता पोहोचला, तोपर्यंत पोहे थंड झाले होते.

बक्षीस कसब्यात पाऊण तास थांबलेल्या गटाला मिळाले नाही. नियम तो नियम. चिठ्ठ्यांचा एक कोरा संच शाळेच्या ग्रंथालयात दिला आहे. आठवी-नववीच्या मुलांना सहज करता येईल, फक्त रस्ते ओलांडताना एक शिक्षक बरोबर असावा. नवव्या चिठ्ठीचा प्रश्न तसाच ठेवला आहे. स्मारक उभे राहिल्यावर तो बदलायचा की नाही, ते त्या वेळच्या बाईंनी ठरवावे.