वातानुकूलन, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या बंदिस्त भागातील हवेचे तापमान, आर्द्रता, स्वच्छता व अभिसरण यांचे नियंत्रण करणाऱ्या व्यवस्थेस मोटारगाडीतील वातानुकूलन म्हणतात. या व्यवस्थेत गारवा निर्माण केला जात नाही. गाडीतील उष्णता शोषून ती बाहेरच्या हवेत टाकली जाते. त्यामुळे बाहेरची हवा जितकी तप्त, तितके हे काम अवघड होते आणि गारव्याची निकड तर त्याच वेळी सर्वाधिक असते. मोटारगाडीतील वातानुकूलनाचा इतिहास हा बव्हंशी या अडचणीशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे. तिचे स्वरूप खानदेशात ठळकपणे दिसते. तापीच्या उत्तरेस, अरुणावती नदीकाठी व मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेल्या शिरपूरच्या (जि. धुळे) परिसरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान अनेकदा ४२° ते ४५° से. पर्यंत जाते. येथून उत्तरेस जाणारी वाहने पळासनेर ओलांडल्यावर सातपुड्यातील बिजासन घाट चढू लागतात. तप्त हवा, मंद गती व एंजिनावरील जादा भार ही वातानुकूलनास प्रतिकूल असलेली तिन्ही कारणे तेथे एकत्र येतात.

पूर्वपीठिका : उष्ण व कोरड्या प्रदेशात पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करण्याची रीत जुनी आहे. दारे-खिडक्यांवर वाळ्याचे पडदे लावून ते भिजते ठेवणे, माठातील पाणी गार होणे व अलीकडचा कूलर ही एकाच तत्त्वाची रूपे होत. हवेचे तापमान ४३° से. व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असता, बाष्पीभवनाने ती हवा तत्त्वतः सु. २३° से. पर्यंत उतरू शकते. व्यवहारात गारवा त्याहून कमी मिळतो. कोकणातील दमट हवेत हा लाभ फारच थोडा असतो. अ. सं. सं. च्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी भागात १९३०–५० या काळात मोटारगाडीच्या खिडकीस बाहेरून बसविण्याचे, पाण्यावर चालणारे नळकांड्याच्या आकाराचे शीतक प्रचारात होते. भारतीय रेल्वेत मुंबई–पेशावर मार्गावरील ‘फ्रंटियर मेल’ या गाडीच्या डब्यांत १९३४ मध्ये बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवून गारवा देण्यात आला. मात्र बर्फ वा पाणी वारंवार भरावे लागत असल्याने लहान वाहनांत या पद्धतींना मर्यादा होत्या.

यांत्रिक पद्धतीचा विकास : यांत्रिक वातानुकूलनात प्रशीतक हा सहज वायुरूप होणारा द्रव बंद मंडलातून फिरतो. कारागीर ज्यास कॉम्प्रेसर म्हणतात तो संपीडक एंजिनाच्या पट्ट्यावर चालतो व वायूचा दाब वाढवितो. हा तप्त वायू गाडीच्या पुढील जाळीमागे बसविलेल्या संघनकात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, आपली उष्णता बाहेरील हवेस देऊन द्रवरूप होतो. पुढे प्रसरण झडपेतून जाताना त्याचा दाब एकदम घटतो व बाष्पकात त्याची पुन्हा वाफ होताना तो गाडीतील हवेची उष्णता शोषून घेतो. हवेतील बाष्प याच ठिकाणी पाणी होऊन नळीवाटे बाहेर ठिबकते.

१९३० च्या सुमारास प्रशीतक-१२ (डायक्लोरोडायफ्ल्युओरोमिथेन) हा बिनविषारी व अज्वलनशील पदार्थ उपलब्ध झाल्याने ही यंत्रणा वाहनात बसविणे सुरक्षित झाले. पॅकार्ड कंपनीने नोव्हेंबर १९३९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात वातानुकूलित गाडी सादर केली. तिचा बाष्पक सामानाच्या कप्प्याच्या बाजूस मागे होता. संपीडक एंजिनापासून सोडविण्याची सोय नव्हती. गारवा नको असल्यास एंजिन थांबवून पट्टा काढून ठेवावा लागे. अशा गाड्या थोड्याच खपल्या. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सर्व भाग गाडीच्या पुढील बाजूस सामावणारी आटोपशीर यंत्रणा आणली. नंतर विद्युत् चुंबकीय क्लचामुळे संपीडक हवा तेव्हाच जोडणे शक्य झाले. १९६४ च्या कॅडिलॅक गाड्यांत तापमान आपोआप राखण्याची सोय आली.

भारतातील प्रसार : मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, म्हणजे पुढील पद्मिनी, आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर या गाड्यांत गारव्यासाठी प्रायः खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यातील त्रिकोणी काचेवर भिस्त असे. ती काच तिरपी करून वारा आत वळवीत. वातानुकूलन ही चैनीची गोष्ट होती व हौशी मालक बाजारातून संच आणून तो बसवून घेत. डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० या गाडीची वातानुकूलित आवृत्ती लवकरच निघाली आणि १९८५ मध्ये वाहनांच्या वातानुकूलन संचांचे उत्पादन करणारी सुब्रोस ही कंपनी स्थापन झाली. छोट्या एंजिनांवर संपीडकाचा भार जाणवे. म्हणून चढावर वातानुकूलन बंद करण्याची सवय चालकांना लागली. पुढे अनेक गाड्यांत प्रवेगक पूर्ण दाबताच क्लच आपोआप सुटण्याची योजना करण्यात आली.

प्रशीतकांतील बदल : क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांमुळे वातावरणातील ओझोन थराची हानी होते, हे मारियो मोलिना व एफ्. शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये या पदार्थांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरले. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. भारतात १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांच्या निर्मितीत प्रशीतक-१२ वापरण्यास बंदी आली व प्रशीतक-१३४अ (टेट्राफ्ल्युओरोएथेन) रूढ झाले. हा बदल उष्ण प्रदेशांना सहज पेलणारा नव्हता. तीव्र उष्म्यात नव्या प्रशीतकाचा दाब जुन्यापेक्षा अधिक चढतो व त्यास मोठा किंवा अधिक कार्यक्षम संघनक लागतो. जुने खनिज तेलही त्यात मिसळत नाही. त्यामुळे केवळ वायू बदललेल्या जुन्या गाड्या उन्हाळ्यात कमी गारवा देत. प्रशीतक-१३४अ ओझोनास अपाय करीत नसले, तरी त्याची तापनक्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या हजारपटीहून अधिक आहे. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्याच्या कपातीचा समावेश झाला. ही दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली असून भारतातील कपातीचे टप्पे २०३२ पासून सुरू होतात.

उन्हाळ्यातील मंद गारवा : संघनकातून उष्णता बाहेर जाण्यासाठी प्रशीतकाचे तापमान बाहेरील हवेपेक्षा पुष्कळ अधिक असावे लागते. प्रशीतक-१३४अ ४५° से. ला द्रवरूप होत असता त्याचा दाब वातावरणीय दाबाच्या सु. ११.५ पट असतो, ६०° से. ला तो सु. १६.५ पट होतो. ४४° से. च्या दुपारी संघनकास ६०° से. च्या आसपास वा त्याहून वर काम करावे लागते. संपीडकाचे श्रम त्यामुळे वाढतात, पण उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते. दाब मर्यादेबाहेर गेल्यास सुरक्षा कळ संपीडक थांबविते. अशा वेळी गारवा खंडित होणे हा नेहमी बिघाडच असतो असे नाही. ते यंत्राचे आत्मसंरक्षण असू शकते. कोरड्या हवेत बाष्पकास पाणी काढण्याचे काम थोडेच उरते. म्हणून मुंबईतील दमट हवेत बाष्पकावर जो ताण पडतो तो खानदेशात कमी असून येथील मुख्य ताण संघनकावर पडतो.

दोषनिदानाची दिशा यावरूनच ठरते. गाडी वेगात असता गारवा चांगला व उभी राहताच मंद होत असेल, तर संघनकाचा पंखा, त्याची विजेची जोडणी आणि पाकळ्यांत अडकलेली धूळ, किडे, पाचोळा वा कापसाचे तंतू यांची तपासणी प्रथम करावी लागते. एक साधी चाचणी म्हणजे संघनकावर पाण्याचा हलका फवारा मारणे. त्याने गारवा चटकन वाढल्यास दोष बहुधा उष्णता बाहेर टाकण्याच्या कामी आहे असे समजते. वाळ्याच्या पडद्याचे तत्त्व येथे निदानास उपयोगी पडते. झोतातील हवा थंड पण क्षीण असेल, तर आतील गाळणी तुंबलेली किंवा बाष्पकावर बर्फ धरलेला असतो.

दाबमापक जोडल्यास अधिक उलगडा होतो. दोन्ही बाजूंचे दाब कमी असल्यास प्रशीतक गळून गेलेले असण्याचा संभव असतो. दोन्ही अधिक असल्यास संघनकावर हवेचा अभाव किंवा प्रशीतकाचा अतिभरणा संभवतो. कमी दाबाची बाजू चढलेली व उच्च दाबाची उतरलेली असल्यास संपीडक झिजलेला असतो. ‘गॅस कमी झाला’ असे गृहीत धरून दर उन्हाळ्यात नवा भरणे ही सर्रास आढळणारी चूक होय. बंद मंडलातील प्रशीतक अल्पावधीत खर्च होत नाही. ते लवकर घटले असेल तर गळती आहे. गळती शोधून, मंडलातील हवा व ओलावा निर्वात पंपाने काढून, निर्मात्याने ठरविलेल्या वजनाइतकेच प्रशीतक भरणे ही योग्य रीत होय. अतिभरणा झालेल्या गाडीचा गारवा कडक उन्हात अधिकच मंदावतो, आणि निष्काळजीपणे सोडलेला वायू वातावरणाच्या तापनात भर घालतो. उन्हात उभी असलेली गाडी सुरू करताना काचा उघडून कोंडलेली तप्त हवा आधी घालविणे व नंतर आतील हवाच पुन्हा फिरविणे, यानेही यंत्रावरील भार बराच हलका होतो.

मालमोटारी : खासगी मोटारींत वातानुकूलन सामान्य झाले, तरी महामार्गावरील मालमोटारींचे चालक त्यापासून दीर्घकाळ वंचित राहिले. पुष्कळ मालमोटारींचा केवळ सांगाडा कारखान्यात तयार होई व चालककक्ष स्थानिक कारागीर लाकूड व पत्रा वापरून बांधीत. एंजिनाचा उंचवटा कक्षातच असल्याने त्याची धगही चालकास सोसावी लागे. घाटातील चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीत वाऱ्याचा झोतही मिळत नसे. उष्म्याने येणारा थकवा व मंदावणारे अवधान ही केवळ सुखसोयीची बाब नसून सुरक्षिततेची आहे, हे मान्य होण्यास बराच काळ गेला. केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून एकूण वजन ३.५ टनांहून अधिक असलेल्या नव्या मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे ठरविले व २०२५ मध्ये हा नियम अंमलात आला. त्यापूर्वी बनलेल्या मालमोटारींना तो लागू नसल्याने बिजासन घाट चढणाऱ्या अनेक जुन्या गाड्यांत आजही उघडी खिडकी हेच गारव्याचे साधन आहे. नव्या गाड्यांतही या सोयीचा खरा लाभ संघनकाची स्वच्छता व पंख्याची निगा यांवर अवलंबून असून, महामार्गालगतच्या शिरपूरसारख्या गावांतील कारागिरांच्या योग्य प्रशिक्षणास त्यामुळे महत्त्व आले आहे.