स्वस्त चिपमध्ये काय बंद असतं?

‘कोअर आय-फाइव्ह १२४००एफ’ या नावातल्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ कळला तेव्हा माझ्या पहिल्या गेमिंग पीसीची यादी पाचव्यांदा खोडून झाली होती. बजेट पन्नास हजार, मॉनिटर धरून. ‘एफ’ म्हणजे चिपमधला ग्राफिक्सचा भाग बंद. तो भाग सिलिकॉनवर असतो, फक्त चालू नसतो. म्हणून चिप थोडी स्वस्त. ‘रायझन फाइव्ह ५६००’चंही तसंच. सहा कोअर म्हणून विकतात, पण आतल्या तुकड्यावर आठ असतात. कधी त्यातले एखाद-दोन बिघडलेले निघतात, तर कधी चांगलेच असतात, पण सहावाल्याला गिऱ्हाईक जास्त असतं.

म्हणजे आपण घेतो ती स्वस्त वस्तू पुष्कळदा महागच असते, काहीतरी बंद केलेली. हे कळल्यावर यादी बाजूला ठेवून मी मागे वाचत गेलो.

मुळात सुटे भाग निवडता येतात, हीच नवलाची गोष्ट आहे. फोनचा प्रोसेसर आपण निवडत नाही. १९८०मध्ये फ्लोरिडातल्या बोका रेटन इथे आयबीएमच्या एका छोट्या गटाला साधारण वर्षभरात पर्सनल कॉम्प्युटर तयार करायचा होता. सगळं घरात बनवायचं म्हटलं तर तेवढा वेळ पुरला नसता. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, बरेच भाग बाजारातून घेतले. १२ ऑगस्ट १९८१ला मशिन जाहीर झालं आणि त्याची तांत्रिक माहितीही कंपनीने छापून विकली, बायोसच्या कोडसकट. कोडवर कॉपीराइट होता, एवढंच काय ते कुलूप. कॉम्पॅकने ते रीतसर उघडलं. एका गटाने बायोस काय काय करतो ते लिहून काढलं आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने तो नव्याने लिहिला. पुढे फिनिक्स या कंपनीने असा बायोस इतर उत्पादकांना विकायला काढला. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप आणलं. आज कोणत्याही कंपनीचा एटीएक्स बोर्ड दुसऱ्याच कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो, स्क्रूची भोकं जुळतात, ती त्यामुळे.

भारताने १९९७मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतला आणि कॉम्प्युटरच्या भागांवरचं आयात शुल्क २००५पर्यंत टप्प्याटप्प्याने काढून टाकायचं कबूल केलं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस इथल्या दुकानांत ‘ब्रँडेड की असेंबल्ड?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय, त्यांना असेंबल्डची ओढ वेगळी सांगायला नको.

आता गेमिंगकडे. १९९६मध्ये थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं. ते फक्त थ्रीडी चित्रं काढायचं. साध्या कामासाठी दुसरं कार्ड लागायचंच आणि दोन्ही बाहेरून एका छोट्या केबलने जोडायची. ते घरगुती गिऱ्हाइकाच्या आवाक्यात येण्याचं एक मोठं कारण म्हणजे त्या वर्षी मेमरीचे भाव कोसळले होते. तेव्हापासून बजेटचा प्रश्नच बदलला. आधी मशिन एकच होतं, आता पैसे दोघांत वाटायचे झाले: प्रोसेसरला किती, कार्डाला किती.

आणि मग १९९८. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट. इंटेलने स्वस्त गिऱ्हाइकासाठी सेलेरॉन काढला होता, पण त्यातली एल-टू कॅश मेमरी पूर्ण काढून टाकलेली. परीक्षकांनी त्याला झोडपला. म्हणून ऑगस्टमध्ये ‘सेलेरॉन ३००ए’ आला. यात १२८ केबी कॅश प्रोसेसरच्याच तुकड्यावर बसवलेली आणि प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी. महागड्या पेंटियम टूमध्ये ती ५१२ केबी होती, पण वेगळ्या चिपांत आणि निम्म्या वेगाची. सेलेरॉनचा मल्टिप्लायर साडेचारवर कुलूपबंद. बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून वेग ३००. पण ४४० बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस १०० करता यायची. साडेचार गुणिले शंभर, ४५०! काही बोर्डांवर तर सेटिंगचीही गरज नव्हती. प्रोसेसरच्या बी-२१ या पिनवर टेपचा तुकडा किंवा नेलपॉलिश लावलं की बोर्ड आपोआप १०० धरायचा.

त्याच सुमाराला आलेल्या ४५०च्या पेंटियम टूचा घाऊक भाव ६६९ डॉलर होता, सेलेरॉनचा १४९. प्रत्येक चिप तिथवर जायची असं नाही, पण पुष्कळशा जायच्या, आणि गेममध्ये दोघांत फारसा फरक उरायचा नाही. मला वाटतं, हातात कमी पैसे असलेल्या गेमरला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, की किंमत वस्तूची नसते, कुलपाची असते.

२००९मध्ये एएमडीच्या ‘फेनम टू एक्स-टू ५५०’मध्येही असंच झालं. दोन कोअरची चिप, पण काही बोर्डांच्या बायोसमध्ये एक पर्याय चालू केला की नशीब असेल तर झोपलेले दोन जागे व्हायचे. नसेल तर मशिन सुरूच व्हायचं नाही. आता असं होत नाही. ५६००चे बंद कोअर नेलपॉलिशने उघडत नाहीत.

मग माझ्यासारख्याने करायचं काय? कुलूप उघडत नसेल, तर निदान आपल्याला न लागणारंच बंद असलेली चिप निवडायची. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणारच असू, तर ‘एफ’मध्ये आपलं काही बिघडत नाही. मोठा वाटा कार्डाला. एसएमपीएसवर मात्र हात आखडायचा नाही; फुकटात कॅबिनेटबरोबर मिळणारा तर घ्यायचाच नाही. जुनं कार्ड चालेल का? सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं ग्राफिक्स कार्डांवरचं खोदकाम थांबलं आणि वापरलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. दिवसरात्र राबलेल्या कार्डाचे पंखे वाजतात का ते कानाने ऐकून आणि गेम अर्धा तास चालवून पाहूनच पैसे द्यावेत. बिल पक्कं मागावं, वॉरंटी उरली असेल तर ती त्याच कागदावर असते.

सध्या अडलंय ते रॅमवर. १९९६मध्ये मेमरी स्वस्त झाली म्हणून गेमिंग कार्ड घरात आलं. २०२५च्या अखेरीस उलटं झालं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव चढले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून माझ्या यादीत आता जुन्या एएम-फोर सॉकेटचा बोर्ड आहे, डीडीआर-फोर घेणारा. आठ जीबीची एक स्टिक मित्राच्या बंद पडलेल्या मशिनमधून निघतेय. दोन असल्या तर वेग बरा मिळतो, पण दुसरी कधी घ्यायची ते पुढच्या महिन्याचा भाव बघून ठरवेन.