एंजिन-नियंत्रक एकक : तारजोडणी व भूयोजन

मोटारगाडीच्या एंजिनातील इंधनाचे अंतःक्षेपण व ठिणगीची वेळ यांचे नियमन करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय उपकरणाला एंजिन-नियंत्रक एकक म्हणतात. मूळ एककाऐवजी किंवा त्याच्या जोडीला नंतर बसविलेल्या एककाचे कार्य त्याच्या तारजोडणीवर, विशेषतः भूयोजनावर, अवलंबून असते. येथे भूयोजन म्हणजे जमिनीशी जोडणी नव्हे, तर विद्युत् प्रवाह घटमालेच्या अग्राकडे परत नेणारा मार्ग होय. कारागीर त्याला ‘अर्थ’ म्हणतात. दिव्यांच्या काळात काटकसर म्हणून रूढ झालेला हा मार्ग इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या काळात अनेक बिघाडांचे मूळ ठरला.

इतिहास : चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयत्नाने १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत विद्युत् आरंभक आला आणि घटमाला हा गाडीचा आवश्यक भाग बनला. प्रत्येक उपकरणाला दोन तारा देण्याऐवजी एकच तार देऊन गाडीच्या पोलादी सांगाड्यातून प्रवाह परत नेण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. अनेक ब्रिटिश गाड्यांत दीर्घकाळ घटमालेचे धन अग्र सांगाड्याला जोडीत. प्रत्यावर्तित्र व ट्रँझिस्टर यांच्या प्रसारानंतर ऋण भूयोजन सार्वत्रिक झाले.

बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन गाडीत आली. अंतःक्षेपण व प्रज्वलन यांचे एकत्रित अंकीय नियंत्रण करणारी मोट्रॉनिक प्रणाली १९७९ मध्ये प्रचारात आली. नंतर बसविता येणारी एकके प्रथम शर्यतीच्या गाड्यांसाठी बनली. ऑस्ट्रेलियातील हॅलटेक व मोटेक या कंपन्या १९८० नंतरच्या दशकात त्यासाठी पुढे आल्या. २००१ च्या सुमारास आलेल्या मेगास्क्वर्ट या संचामुळे हौशी तंत्रज्ञांनाही सुटे भाग जुळवून असे एकक तयार करता येऊ लागले.

भूयोजनाचे महत्त्व : दिव्याच्या जोडणीत अर्धा व्होल्ट वाया गेला तरी प्रकाश थोडा मंद होतो, एवढेच. एककाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे बहुतेक संवेदक शून्य ते ५ व्होल्ट या मर्यादेत काम करतात. निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणाऱ्या नेहमीच्या संवेदकाचा संकेत तर सु. ०·१ ते ०·९ व्होल्ट एवढाच असतो. आरंभक १५० अँपिअर प्रवाह घेत असता गंजलेल्या सांध्याचा रोध ०·०१ ओहम असला, तरी तेथे १·५ व्होल्टचा फरक पडतो. संवेदकाचे ‘शून्य’ अशा सांध्यावर टेकलेले असल्यास एकक चुकीचे वाचन खरे मानते आणि इंधन कमीजास्त सोडते. दोष एंजिनात वा एककात नसूनही दोन्ही उघडली जातात.

जोडणी : अंतःक्षेपक व प्रज्वलन वेटोळी यांचे मोठे प्रवाह एककाच्या निर्मात्याने दाखविलेल्या जागी, सामान्यतः एंजिनाच्या ठोकळ्यावर किंवा घटमालेच्या ऋण अग्रावर, परत नेतात. संवेदकांच्या परततारा मात्र एककातील स्वतंत्र अग्रांकडेच नेतात. त्या सांगाड्याला जोडीत नाहीत. भुजादंडाच्या संवेदकाच्या तारेवरील कवच सामान्यतः एकाच टोकाला जोडतात, म्हणजे त्यातून प्रवाहाचे वलय तयार होत नाही. ही तार ठिणगी-गुडदीच्या तारांपासून दूर ठेवतात. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने एंजिन, सांगाडा व घटमाला यांना जोडणारे जाड पट्टे आवश्यक असतात. सांध्याखालील रंग खरवडून धातू उघडा करावा लागतो.

महाराष्ट्रातील प्रसार : मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींत कार्ब्युरेटर असे, त्यामुळे नैसर्गिक वायूसाठी साधा मिश्रक पुरे. २००० पासून टप्प्याटप्प्याने कडक झालेल्या उत्सर्जन मानकांमुळे मोटारगाड्यांतील कार्ब्युरेटर मागे पडला. १ एप्रिल २०२० च्या ‘भारत स्टेज ६’ मानकांनंतर दुचाकींतही अंतःक्षेपण जवळजवळ सार्वत्रिक झाले. अशा गाडीस वायुसंच बसविताना दुसरे एकक लागते. ते पेट्रोलच्या अंतःक्षेपकांकडे जाणारे संकेत वाचते आणि त्यांनुसार वायूचे अंतःक्षेपक चालविते. म्हणून दोन्ही एककांचे ‘शून्य’ एकच असावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर निर्बंध असून वायुसंच मान्यताप्राप्त असावा लागतो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही अशी चाचणी करणारी एक संस्था आहे.

सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर (नवे नाव ईश्वरपूर) हे वाळवा तालुक्याचे ठिकाण पुणे–बंगळूर महामार्गावरील पेठ नाक्याजवळ आहे. तेथून जवळच राजारामनगर येथे राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (स्थापना १९८३) हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. उसाच्या व वाहतुकीच्या अशा प्रदेशात गाडी बंद पडणे म्हणजे मालकाचा दिवस बुडणे. पावसाळी ओलाव्याने सांधे गंजतात. तेव्हा महागडे एकक बदलण्यापूर्वी साधी परीक्षा उपयोगी पडते. आरंभक फिरत असताना घटमालेचे ऋण अग्र व एककाचे भूयोजन यांमधील व्होल्टता मोजतात. ती व्होल्टच्या एकदोन दशांशांहून अधिक आढळल्यास दोष प्रथम परतमार्गात शोधतात.