लाळ्या-खुरकूत आणि २०८ तुकडे

पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगाव महागणपतीमुळे आणि अलीकडे औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित असले, तरी घोड आणि भीमा या नद्यांच्या आसपासच्या या मुलखातील शेती पिढ्यान्‌पिढ्या बैलाच्या खांद्यावर आणि गाईच्या दुधावर चालत आली. त्यामुळे तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड आणणारा, दूध आटवणारा आणि ऐन हंगामात बैल बसवणारा लाळ्या-खुरकूत रोग येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हा रोग जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवले. प्रथिनांचे परस्परसंबंध तपासणारी पेप्टाइड-मांडणीची पद्धतही याच रोगाच्या अभ्यासातून पुढे आली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी आणि पेप्टाइड म्हणजे तशीच आखूड साखळी. ती घन आधारावर एकेक आम्ल जोडून घडवण्याची युक्ती मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली होती. मेलबर्नचे मारिओ गायसेन आणि त्यांचे डच सहकारी मेलोएन व बार्टेलिंग यांनी १९८४ मध्ये या विषाणूच्या कवचातील २१३ आम्लांच्या एका प्रथिनाचे सहा-सहा आम्लांचे तुकडे पाडले. पहिला तुकडा १ ते ६, दुसरा २ ते ७, असे एकेक घर सरकत गेल्याने ते २०८ झाले. प्रत्येक तुकडा पॉलिथीनच्या स्वतंत्र काडीच्या टोकावर घडवून त्या काड्या विषाणूविरोधी प्रतिपिंडांच्या द्रावात बुडवल्या, तेव्हा १४६ ते १५२ या घरांतील भागालाच प्रतिपिंडे घट्ट चिकटली. मग त्या भागातील प्रत्येक आम्ल आळीपाळीने बदलून पाहता १४८ आणि १५१ या स्थानांवरील ल्युसीन अपरिहार्य ठरले. पुढे ब्राउनश्वाइगच्या रोनाल्ड फ्रँक यांनी काड्यांऐवजी गाळणकागदावर ठिपक्यांच्या रूपात पेप्टाइडे घडवली आणि प्रतिपिंडांखेरीज इतर प्रथिनांच्या जोड्याही कमी खर्चात तपासता येऊ लागल्या.

या पद्धतीची उणीव तिच्या मांडणीतच आहे. प्रथिनाच्या घडीमुळे साखळीतील दूरची आम्ले शेजारी येऊन जी जागा तयार होते, ती सरळ तुकड्यांत सहसा सापडत नाही. एकाच भागाच्या पेप्टाइडापासून केलेल्या लशींनी गुरांना अपेक्षेइतके संरक्षण दिले नाही, त्यामागे हेही एक कारण असावे. भारतात गुरांना टोचली जाणारी लाळ्या-खुरकुताची लस आजही ओ, ए आणि एशिया-१ या तीन प्रकारांचे अख्खे विषाणू निष्क्रिय करूनच बनवली जाते.